१२० तास झाले, पण शेजारी कोण बसलं होतं?

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील पदव्युत्तर मानसशास्त्र विभागांचे प्रमुख
आणि मानसशास्त्र अभ्यास मंडळाचे सन्माननीय सदस्य यांस

विषय : वर्तन-विश्लेषणाचं काम शिकणाऱ्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण

सा. न. वि. वि.

दुसरं सत्र निम्म्यावर आलं की फोन सुरू होतात. "मॅडम, तुमच्याकडं ओजेटी करायची होती. लेटर आणू का?" ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, कामाच्या जागी जाऊन घ्यायचं प्रशिक्षण. लेटर येतं. त्यावर शिक्का असतो, सही असते आणि एक वाक्य असतं : सदर विद्यार्थ्यास १२० तासांचा कार्यानुभव देऊन तसे प्रमाणपत्र द्यावे. काय शिकवावं, कसं शिकवावं, शिकला की नाही हे कुणी ठरवावं, यातलं काही त्या पत्रात नसतं. खाली एक सूचना मात्र न चुकता असते : अहवालासोबत जिओटॅग (ठिकाण आणि वेळ छापलेले) फोटो जोडावेत.

मी कोल्हापुरात स्वमग्न आणि बौद्धिक अक्षम मुलांसोबत काम करते. एबीए, म्हणजे उपयोजित वर्तन-विश्लेषण, हा माझ्या कामाचा कणा : वर्तनाच्या आधी आणि नंतर काय घडतं ते बघून मुलाला नवं वर्तन शिकवायची पद्धत. हे पत्र तक्रारीसाठी लिहीत नाही, मागणीसाठी लिहिते आहे. तुमचा विद्यार्थी मुलासोबत काम करत असताना त्याच्या शेजारी जाणतं माणूस बसलं पाहिजे, त्यानं बघितलं पाहिजे आणि तिथल्या तिथं सांगितलं पाहिजे. तास किती भरले हा त्यानंतरचा प्रश्न.

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर २०२३ पासून आपल्याकडं पदव्युत्तर अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आलं. चार श्रेयांक, १२० तास. मला ते मनापासून आवडलं. मानसशास्त्राचा विद्यार्थी दोन वर्षं नोट्स पाठ करून आणि प्रयोगवहीत सीनियरचे प्रयोग आपल्या अक्षरात उतरवून बाहेर पडायचा, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण हे तास भरायचे कुठं? राजारामपुरी, शाहूपुरी, नागाळा पार्क, कुठल्याही गल्लीत शिरा, एखाद्या थेरपी सेंटरचा बोर्ड दिसतोच. तिथं माणसांची कायम चणचण आणि विद्यार्थी तर फुकट मिळतो. पहिले दोन दिवस तो कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून 'ऑब्झर्वेशन' करतो. मग कुणीतरी ताई रजेवर जाते आणि हा एका मुलाचा 'सर' होऊन बसतो. महिनाभरानं सर जातात, नवीन मॅडम येतात. मूल तेच असतं, आणि प्रत्येक नवीन माणूस 'नाक दाखव, कान दाखव'पासून पुन्हा सुरू करतो.

सगळीच केंद्रं अशी नाहीत. विद्यार्थ्याला हाताला धरून शिकवणारी माणसं या शहरात आहेत, मी स्वतः त्यांच्याकडूनच शिकले. पण जिथं बरं चालतं तिथं ते त्या माणसांच्या चांगुलपणावर चालतं. तुमच्या पत्रात तसं लिहिलंय म्हणून नाही.

एबीए बाहेरून फार सोपं दिसतं, ही खरी अडचण आहे. मूल सांगितलेलं करतं, त्याला आवडीची गोष्ट मिळते, 'शाब्बास' म्हणायचं, कागदावर टिक करायची. एवढंच तर आहे, असं विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात वाटतं. पालकांनाही वाटतं. काही केंद्रचालकांनाही वाटतं, हे जास्त गंभीर.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दुसरीच्या वयाचा मुलगा. बोलणं मोजकंच. वही समोर आली की दोन्ही तळव्यांनी स्वतःचे कान बडवायचा, लालबुंद होईपर्यंत. त्याच्यासोबत बसणारी विद्यार्थिनी मनानं फार चांगली. तिला ते बघवायचं नाही. ती वही बाजूला सारायची, "असू दे हं बाळा, नको लिहू," म्हणायची, पाठीवरून हात फिरवायची. मुलगा क्षणात शांत. तिच्या नोंदवहीत त्या दिवशीची नोंद : 'चांगला प्रतिसाद. लवकर शांत झाला.' पुढच्या पानांवरही थोड्याफार फरकानं तेच.

यातून मुलगा एक गोष्ट पक्की शिकला. कान बडवले की वही जाते. आणि ती त्याला फार पद्धतशीर शिकवली गेली, रोज, न चुकता, ताबडतोब बक्षीस देऊन. विद्यार्थिनीला याचा पत्ता नव्हता. 'ऋण प्रबलन आणि शिक्षा यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा' हा प्रश्न तिनं परीक्षेत सोडवला होता आणि मार्कही चांगले घेतले होते. पण समोर मूल स्वतःला मारून घेत असताना 'हेच ते ऋण प्रबलन', म्हणजे नकोशी गोष्ट दूर झाल्यानं वर्तन पक्कं होणं, असं कुणालाही आपोआप सुचत नाही. मागून बघणाऱ्याला मात्र दोन मिनिटांत दिसतं.

तो बघणारा काय करेल? सगळ्यात आधी विचारेल, कानाच्या डॉक्टरांना दाखवलंय का? कान दुखत असेल तर वर्तनाची सगळी योजना फोल. तिथं काही नाही हे कळलं की विद्यार्थिनीला तीन रकाने आखायला सांगेल : आधी काय घडलं, मुलानं काय केलं, लगेच नंतर काय झालं. चार दिवसांचे रकाने भरले की वही, कान, वही गायब, ही साखळी तिची तिलाच दिसेल. मग दोघं मिळून ठरवतील की मुलाला 'थांबू या' सांगायची दुसरी, न दुखणारी वाट द्यायची. हातात मावेल असं एक कार्ड. वही दिसल्या दिसल्या, हात कानाकडं जायच्या आत, त्याचा हात कार्डाकडं न्यायचा आणि कार्ड मिळताच वही खरंच बाजूला ठेवायची. आधी लगेच, मग एक अक्षर लिहून झाल्यावर, मग एक ओळ. लेखनही सोपं करायचं, कारण मूल ज्याला एवढं टाळतं ते बऱ्याचदा त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडलेली ही रीत आज जगभर वापरली जाते. कागदावर ती अर्ध्या पानात मावते.

अवघड भाग पुढंच आहे. कान बडवून वही जाणं बंद झालं की ते वर्तन कमी होण्याआधी बऱ्याचदा एकदम उसळतं. मूल जोरात मारतं, जास्त वेळ मारतं, कधी नवीन काहीतरी करतं. एकट्या बसलेल्या विद्यार्थ्याचा धीर नेमका त्या उसळीच्या टोकाला सुटतो आणि तो वही उचलतो. आता मूल शिकलं की नुसतं मारून भागत नाही, जोरात मारावं लागतं. शिवाय बक्षीस कधी मिळतं, कधी मिळत नाही असं झालं की सवय जास्त चिवट होते, हे तर तुम्हीच वर्गात शिकवता. म्हणजे अर्धवट केलेली योजना काहीच न करण्यापेक्षा वाईट, आणि तिची किंमत मुलाच्या कानांना मोजावी लागते. अशा वेळी मुलाला इजा होऊ नये म्हणून हात कुठं ठेवायचा, कुठल्या क्षणी योजना थांबवायची, हे फळ्यावर शिकवता येत नाही. नवशिक्याला पन्हाळ्याच्या घाटात गाडी देऊन शेजारची सीट रिकामी ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

बाहेरच्या देशात याचा विचार कसा झालाय ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेतलं बिहेवियर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड १९९८ मध्ये स्थापन झालं. त्यांच्या नियमानुसार वर्तन-विश्लेषकाचं प्रमाणपत्र हवं असलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला २००० तासांचं क्षेत्रकार्य करावं लागतं. आपले १२० त्यासमोर ठेवले की मान खाली जाते, पण मला तो आकडा दाखवायचा नाही. मला दाखवायचेत ते त्यातले ५ टक्के. दर महिन्याच्या कामाचे निदान ५ टक्के तास पर्यवेक्षकासोबत गेले पाहिजेत, आणि महिन्यातून एकदा तरी पर्यवेक्षकानं विद्यार्थ्याला ज्याच्यासाठी उपचार चालू आहेत त्याच्यासोबत प्रत्यक्ष काम करताना बघितलं पाहिजे. गटात बसून मार्गदर्शन चालतं, पण गट दहापेक्षा मोठा नको आणि अशी बैठक एकूण मार्गदर्शनाच्या निम्म्याहून जास्त नको. तास कमी करून १५०० वर आणायचे असतील तर पर्यवेक्षण दुप्पट, १० टक्के. कमी तास हवे असतील तर जास्त बघणं भाग आहे, हा हिशोब मला फार शहाणपणाचा वाटतो. आणखी एक अट अशी की किमान ६० टक्के वेळ मुलासमोर बसण्यापलीकडच्या कामात जावा : मूल्यमापन, आलेख वाचणं, योजना लिहिणं, पालकांना आणि शिक्षकांना शिकवणं. आपल्याकडं विद्यार्थ्याचा जवळजवळ सगळा वेळ मूल सांभाळण्यात जातो.

आता १२० चे ५ टक्के काढा. सहा तास. दोन महिन्यांत सहा तास कुणीतरी शेजारी बसून बघायचं. एवढंही आज होत नाही. तुमच्याकडं तास कमी आहेत, म्हणून मी १० टक्के मागते आहे, म्हणजे बारा तास.

त्या बोर्डाच्या नावावर आता फार विसंबूनही चालणार नाही. २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज ते घेत नाहीत. बाहेरून शिक्का आणू, तोवर इथं कसंही चालवून घेऊ, असं ज्यांच्या मनात होतं त्यांची ती वाट बंद झाली. दुसऱ्या बाजूला आपल्याकडं २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत वर्तन-आरोग्याच्या गटात बिहेवियरल अ‍ॅनालिस्ट हा व्यवसाय नावानिशी घातलाय. त्याच कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३६०० तासांची अट आहे. नैदानिक मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं, १९९२ च्या कायद्याखाली. एम. ए. आणि १२० तास यांच्या जोरावर विद्यार्थी यातलं काहीच होत नाही. हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. इथून बाहेर पडून सहा महिन्यांत 'बिहेवियर थेरपिस्ट' अशी पाटी लावणारी मुलं-मुली मी बघितलीत. त्यांना दोष देऊन काय उपयोग, त्यांच्या प्रमाणपत्रावर कुणीतरी तसं लिहिलेलं असतं.

'बघायला माणसं कुठून आणणार?' हा प्रश्न तुम्ही विचारणार, आणि तो रास्त आहे. पण बघून शिकवायची रीत आपल्या शिक्षणाला नवीन नाही. आपल्याच बी. एड. महाविद्यालयांत सूक्ष्म अध्यापन किती वर्षं चाललंय! सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटं पुन्हा आखणी, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. ३६ मिनिटांत एक कौशल्य. पाठ चालू असताना मागच्या बाकावर बसून पाठ निरीक्षण वहीत लिहिणारे सर आपल्या घरातल्या कुठल्या ना कुठल्या शिक्षकानं अनुभवलेले असतात. सातवीच्या वर्गात भागाकार शिकवण्याआधी एवढी तयारी करून घेतो, तर स्वतःला मारून घेणाऱ्या मुलासमोर बसवण्याआधी का नाही? वर्तन-विश्लेषणात कर्मचारी शिकवायची जी रीत आहे तीही जवळजवळ हीच : सांगा, करून दाखवा, करायला लावा, लगेच सुधारा, जमेपर्यंत पुन्हा.

म्हणून माझं म्हणणं, पहिले काही आठवडे विद्यार्थ्याला मुलापर्यंत पोचूच देऊ नका. वर्गातच दोघांनी समोरासमोर बसायचं, एकानं मूल व्हायचं. आधी फार हसतात, हसू द्या. मदत किती द्यायची आणि कधी काढून घ्यायची, आवडीच्या वस्तू मांडून मुलाची पसंती कशी शोधायची, बक्षीस उशिरा दिलं तर काय बिघडतं, हे सगळं एकमेकांवर करून बघता येतं. 'मूल' झालेल्या विद्यार्थ्याला तेव्हा कळतं की सलग वीस वेळा 'हे दाखव, ते दाखव' ऐकताना किती वैताग येतो. तेवढ्यासाठी तरी हे करावं.

दुसरं एक काम तर बिनखर्चाचं आहे. दोन विद्यार्थ्यांना एकच दृश्य दहा मिनिटं बघायला लावा आणि मुलानं किती वेळा आरडाओरडा केला ते वेगवेगळं मोजायला सांगा. आमच्याकडं एकदा असं केलं तेव्हा एकीच्या कागदावर ६ आणि दुसऱ्याच्या कागदावर १४ आले. लहान आकड्याला मोठ्यानं भागून शंभरनं गुणलं तर जुळणी ४३ टक्के. या क्षेत्रात साधारण ८० टक्क्यांच्या खाली नोंद भरवशाची धरत नाहीत. दोघं भांडायलाच लागले. ती म्हणे मोठ्यानं हसला तो ओरडा कसा, तो म्हणे मध्ये श्वास घेतला की नवीन ओरडा. मग बसून व्याख्या लिहिली : बंद दाराबाहेर ऐकू येईल असा, हसू किंवा शब्द नसलेला आवाज, आणि मध्ये तीन सेकंद शांतता गेली तरच पुढचा नवा धरायचा. पुढच्या खेपेला आकडे जवळ आले. उपयोजित वर्तन-विश्लेषणाची चौकट बेर, वुल्फ आणि रिस्ली या संशोधकांनी १९६८ मध्ये घालून दिली, तेव्हाच त्यांनी सांगून ठेवलंय की पद्धत अशी लिहा की वाचणाऱ्या दुसऱ्याला ती तशीच करता आली पाहिजे. त्या दोघांना हे वाक्य त्या दुपारी समजलं. ओजेटीच्या अहवालात मी असा एक कागद बघायला फार उत्सुक आहे. 'मुलामध्ये लक्षणीय सुधारणा दिसून आली' हे वाचून कंटाळलेय.

अहवालावरून जिओटॅग फोटोंकडं येते. विद्यार्थी फोटो काढतात. मुलासोबतचे काढतात, कारण रिकाम्या खोलीच्या फोटोनं काय सिद्ध होणार. ते फोटो अहवालात जातात, अहवाल झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंगला जातो, पीडीएफ ग्रुपवर फिरते, आणि मुलाचा चेहरा, केंद्राचा पत्ता, तारीख, वेळ सगळं एका चौकटीत. वर 'ऑटिझम केस स्टडी' असं शीर्षक. आईवडिलांना विचारलेलं नसतं, किंवा फी भरताना घेतलेल्या सहीत ते गृहीत धरलेलं असतं. मूल्यांकनासाठी पुरावा लागतो हे मला कळतं. तो पुरावा पर्यवेक्षकाच्या निरीक्षणाच्या कागदानं द्या, मुलाच्या चेहऱ्यानं नको. माझ्याकडं येणाऱ्यांना मी हे फोटो काढू देत नाही, आणि त्यावरून एकाचे गुण अडले होते. ही अट तुमच्या पत्रातून काढून टाका, एवढ्यानंही पुष्कळ होईल.

याच ओघात नीतीचा मुद्दा. एबीएचा इतिहास सगळाच अभिमानानं सांगण्यासारखा नाही. मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांचा स्वमग्न मुलांवरचा १९८७ चा अभ्यास आजही जाहिरातींत मिरवला जातो, पण त्यात मोठ्यानं 'नाही' म्हणणं आणि कधी मांडीवर चापट मारणं हाही उपचाराचा भाग होता. त्याआधी विजेच्या झटक्यांचे प्रयोगही झाले. लहानपणी ही थेरपी घेतलेली स्वमग्न माणसं आज मोठी होऊन सांगताहेत की डोळ्यांत बघायची सक्ती, हात हलवायची बंदी, दिवसभर हुकूम पाळणं याचा त्यांना त्रास झाला. विद्यार्थ्याला हे शिकवायला हवं, आणि लोवास शिकवायच्या आधी शिकवलं तरी चालेल. मुलानं तोंड फिरवलं, खुर्चीवरून उठलं, हात झटकला, तर तो त्याचा नकार आहे आणि तो मोजायचा आहे. मूल ज्या गोष्टीनं कुणाला इजा करत नाही ती बंद करायची घाई आपल्याला का आहे, हा प्रश्न प्रत्येक योजनेच्या वर लिहिलेला असावा. केंद्रात चापट मारणं 'थेरपीचा भाग' म्हणून सांगितलं जात असेल तर विद्यार्थ्यानं कुणाला कळवायचं, हे तुमच्या पत्रात आज कुठंही नाही. एक नाव आणि एक फोन नंबर द्या.

आता घराकडं. चंदगड, आजरा, गगनबावड्याकडून सकाळची पहिली एसटी धरून मुलाला घेऊन येणाऱ्या आया आहेत. पाऊण तासाचं सेशन, मग परत स्टँड. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "मॅडम, हितं आला की गुमान बसतोय. घरात गेला की परत तसंच. तुमचं ऐकतंय, आमचं न्हाई ऐकत." यात मुलाचा हट्ट नाही, आमच्या शिकवण्यातली खोट आहे. टेबलावर, एकाच खोलीत, एकाच माणसानं, व्हिडिओ बघून उचललेल्या 'सिट डाउन' आणि 'गिव्ह मी'नं शिकवलेलं घरातल्या 'बस की रे खाली'ला कसं लागू होईल? आठवड्यातून पाऊण तास आमचा, बाकीचा सगळा आठवडा त्या आईचा. तेव्हा विद्यार्थ्याला तपासायचं तर मुलाला किती शिकवलं यावर नको. आईला एक गोष्ट शिकवली का, तीही तिच्या घरच्या भांड्याकुंड्यांत आणि तिच्या बोलीत, आणि आठवड्यानं ती तिला करता आली का, यावर तपासा. जेवताना मूल ताट ढकलतं तेव्हा काय करायचं, हे सासूबाई आणि चुलत्यांसमोर तिला जमणार आहे का, हेही विचारात घ्या. एकत्र कुटुंबात एकटी आई एका बाजूला आणि लाड करणारी चार माणसं दुसऱ्या बाजूला, अशानं कुठलीच योजना टिकत नाही. इथले विद्यार्थी याच घरांतून आलेले असतात. ही जाण त्यांच्याकडं आयती आहे, ती आपण वापरतच नाही.

जागांचं म्हणाल तर सगळ्यांनी खासगी केंद्रांतच का जावं? शेंडा पार्कातल्या चेतना विकास मंदिरासारखी विशेष मुलांची शाळा आहे, सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर साध्या शाळांत बसणारी मुलंही आहेत. महापालिकेच्या एखाद्या शाळेत तिसरीच्या वर्गात बसलेल्या स्वमग्न मुलासाठी वर्गशिक्षिकेला मदत करणं, हे मला तरी बंद खोलीतल्या टेबलापेक्षा जास्त मोलाचं प्रशिक्षण वाटतं. मात्र शेजारी बसायची अट तिथंही तीच.

संशोधन प्रकल्पाबद्दल थोडं बोलते, कदाचित कुणाला आवडणार नाही. ओजेटी दुसऱ्या सत्रात संपते आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रात तोच विद्यार्थी शहरी आणि ग्रामीण महाविद्यालयीन युवकांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास करायला घेतो. शंभर प्रश्नावल्या, पन्नास इकडच्या, पन्नास तिकडच्या, दोन गटांची तुलना करणारी एक टी-चाचणी, 'सार्थक फरक आढळला नाही'. इतकी वर्षं चाललंय, आणखी किती? वर्तन-विश्लेषणाकडं स्वतःची संशोधन पद्धत आहे, एका व्यक्तीवरच्या अभ्यासाची. आधी काही दिवस नुसती नोंद, मग योजना, मग पुन्हा नोंद. एका मुलाची तीन कौशल्यं घेऊन प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी योजना लावायची आणि आलेख त्या त्या दिवशीच वळतो का ते बघायचं. ज्या केंद्रात ओजेटी केली तिथंच हा प्रकल्प केला तर मुलाला वर्षभर एकच माणूस मिळेल, विद्यार्थ्याला आपल्या कामाचा परिणाम डोळ्यांनी दिसेल आणि तुम्हाला तपासायला एक खरा आलेख मिळेल. यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही. मार्गदर्शकानं विषयाला मान्यता दिली की झालं.

पैशाचंही स्पष्ट लिहिते. बारा तास शेजारी बसून बघणाऱ्या, नंतर बोलणाऱ्या, लिहून देणाऱ्या माणसाला मानधन द्या. एका पर्यवेक्षकाकडं दहा विद्यार्थी म्हणजे १२० तास. तेवढा वेळ काढायचा तर त्याला आपली काही कामं सोडावी लागतात. विद्यार्थ्यांवर हा बोजा टाकू नका, त्यांच्यातले बरेच जण सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी दुकानात काम करून शिकतात. विभागातल्या प्राध्यापकांनी स्वतः यावं हे तर उत्तमच. आठवड्यातून एकदा दुपारी या, मुलासमोर जमिनीवर बसा. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, पण विद्यार्थ्यांना तुमच्याकडून जे मिळेल ते माझ्याकडून मिळणार नाही. तुम्हाला सिद्धान्त माझ्यापेक्षा चांगला येतो, आणि तीन रकान्यांतली साखळी तुम्हाला आधी दिसेल.

हजेरीच्या तक्त्याऐवजी वापरता येईल असा निरीक्षणाचा एक पानी नमुना मी तयार केलाय. तारीख, किती मिनिटं बघितलं, विद्यार्थ्यानं काय बरोबर केलं, एक गोष्ट कोणती बदलायची, पुढच्या वेळी ती बदलली का, दोघांच्या सह्या. मुलाचं नाव नाही, फक्त क्रमांक. ज्या विभागाला हवा असेल त्यांनी मागून घ्यावा, त्यात बदल करावेत, माझं नाव काढून टाकलं तरी चालेल. यंदा मी दोनच विद्यार्थी घेणार आहे, आणि तेही त्यांच्या विभागातून कुणीतरी महिन्यातून एकदा येऊन बघणार असेल तरच. तुमच्या लेटरमध्ये तेवढी एक ओळ वाढवून पाठवा, जागा ठेवलेली आहे.

कळावे,

आपली,
मुलांसोबत काम करणारी एक मानसशास्त्राची विद्यार्थिनी व विशेष शिक्षिका,
कोल्हापूर